टायरचा तळवा

टायरच्या ज्या बाजूवर कंपनीचं नाव आणि आकडे उठवलेले असतात, तिला आमच्या घरात गाल म्हणत. जो भाग रस्त्याला टेकतो, तो तळवा. हे शब्द कुठल्या पुस्तकातले नाहीत, आबांचे आहेत. आबा म्हणजे माझे वडील. धारच्या दरबारी मोटारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली आणि दसऱ्याच्या स्वारीला जी उघडी मोटार निघे, ती त्यांच्या ताब्यात असे. मोटारीच्या गालांना ते रोज काळं देत. काळं म्हणजे त्यांनी स्वतः घोटलेलं मलम: दिव्याची काजळी, एरंडेल आणि मेण. तळव्याला मात्र वर्षातून एकदाच, दसऱ्याच्या सकाळी. स्वारीची मोटार माणसाच्या चालीनं जाते, लोक ओवाळायला अगदी चाकांपर्यंत येतात, त्या दिवशी तिचा कुठलाही भाग रस्त्यावरचा वाटता कामा नये, असं त्यांचं म्हणणं असे.

संस्थान गेलं तरी मोटारखाना बरीच वर्षं रेंगाळत चालला. सत्तरचं दशक सुरू झालं आणि तोही बंद पडला. स्वारीची मोटार कुणीतरी विकत घेतली. न्यायला आलेल्या ड्रायव्हरनं पहिला गिअर टाकताना असा काही खरखराट केला की आबांनी डोळे मिटून घेतले, असं आई सांगायची. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर आबा नळाशी गेले, धुण्याच्या सोड्यानं कोपरापर्यंत हात घासून धुतले आणि म्हणाले, "आजपासून मोटारीस हात लावणे नाही."

माणूस रागात असं काहीबाही बोलतो आणि महिन्याभरात विसरतो. आबा विसरले नाहीत. आई गेल्यावर मी त्यांना देवासला माझ्याकडे आणलं. तिथल्या एका कारखान्यात मी टर्नर होतो आणि राहायला मागे अंगण असलेलं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. त्या अंगणात माझी मोटारसायकल उभी असे, अडीचशे सीसीची, दोन सायलेन्सरची. आबा तिच्याकडे पाठ करून वेताच्या खुर्चीत बसत. एकदा वावटळीत गाडी स्टँडवरून आडवी झाली. आबा तिच्यापासून हाताच्या अंतरावर, हात मागे बांधून उभे राहिले आणि त्यांनी आत हाक दिली, "सूनबाई, गाडी पडली आहे. पेट्रोल सांडतं आहे." माझी बायको कणकेच्या हातांनी धावत आली आणि तिनं एकटीनं ती उचलली. संध्याकाळी मला हे कळलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तसाही तापट. पण आबांसमोर आमच्या घरात कुणी आवाज चढवत नसे, म्हणून मी तो राग जेवणावर काढला आणि उपाशी झोपलो.

खरं सांगायचं तर रागाखाली भीती होती. आबांचे हात पांढरे पडत चालले होते. नखांतला काळेपणा जाऊन ती एखाद्या कारकुनाच्या नखांसारखी स्वच्छ झाली होती. दिवसभर ते हात मांडीवर ठेवून बसत, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत आणि यांनी नुसते सांभाळायला घेतले आहेत. मला ते बघवत नसे. त्यांचा हात एकदा गाडीला लागावा, एवढंच मला हवं होतं. पुढे मी जे काही उद्योग केले, ते लोकांना वाटलं तसे शर्यतीच्या वेडापायी केले हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं त्या खुर्चीसाठी होतं.

ऐंशीच्या आगेमागे धार जिल्ह्यात पीथमपूरला कारखान्यांसाठी जमीन आखली गेली. कारखाने यायचे होते, पण रस्ते आधी आले. रुंद, सरळ, नवे डांबरी रस्ते आणि त्यांवर फक्त शेळ्या. सुट्टीच्या दिवशी इंदूर, धार, देवासकडची मोटारसायकलवाली मंडळी तिथे जमू लागली. दोन गाड्या एका हद्दीच्या दगडापाशी शेजारी शेजारी उभ्या करायच्या, कुणीतरी रुमाल खाली टाकायचा आणि समोरच्या मोरीपर्यंत कोण आधी पोचतो ते बघायचं. वळण नाही, डावपेच नाही. आम्ही तिला 'सीधी' म्हणायचो. "सीधी लगाते क्या?" एवढंच विचारायचं असे.

धार जिल्ह्यातच मनावर नावाचं गाव आहे, तिथल्या एका कापूस-जिनिंगवाल्याचा मुलगा तिथे यायचा. गाडी साडेतीनशेची, नवीकोरी, आणि माणूस हसरा. त्याच्यावर रागावणं मला कधी जमलं नाही, आणि याचाच मला राग यायचा. पावसाळ्याच्या आधी एकदा त्यानं माझ्या गाडीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "भिया, आपकी गाड़ी में दम हे, पर सारा दम वईं जमीन पे फेंक देती हे. दशहरे के दिन आ जाओ, सीधी लगाएँगे." त्याचं म्हणणं खरं होतं. क्लच सोडला की माझं मागचं चाक जागच्या जागी गरगर फिरे, आणि ते रस्ता धरीपर्यंत पुढचा माणूस निघून गेलेला असे. मी तिथल्या तिथे हो म्हणून बसलो.

त्या काळात जो तो इंजिनाच्या मागे लागलेला असे. सायलेन्सर काप, कार्बोरेटर बदल. मी तळव्याच्या मागे लागलो. पहिल्यांदा वाटलं, नवा टायर घ्यावा, खोल नक्षीचा. घेतला आणि चुकलो. डांबरावर खोल नक्षीचे ते ठोकळे भार आला की वाकतात. हलणाऱ्या दातांनी ऊस सोलण्यातला प्रकार. मग पार गुळगुळीत झालेला जुना टायर लावून पाहिला. त्याचं रबर सगळंच्या सगळं रस्त्याला टेकत होतं, पण वयानं वाळून कडक झालं होतं, आणि कडक रबर कितीही टेकलं तरी धरत नाही. म्हणजे हवा होता तो अर्धा झिजलेला, पण आतून मऊ राहिलेला टायर. असा टायर दुकानात मागायचा कसा? मी इंदूरच्या दुकानांतून अंगठ्याचं नख दाबत हिंडलो. एक दुकानदार वैतागून म्हणाला, "भिया, टायर ले रिये हो के आम?" शेवटी महूच्या लष्करी छावणीच्या लिलावातून आलेल्या ढिगात एक सापडला. माझ्या टायरपेक्षा एक माप रुंद. नख दाबलं की खूण उमटायची आणि हळूहळू भरून यायची.

तो घरी आणून चाकावर चढवला तर चेन त्याच्या गालाला घासू लागली. मग कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी एक जाड चकती कातून घेतली, मागची गरारी, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती दातेरी चकती, तिच्यामागे बसवली आणि चेन बाहेर सरकवली. मग हवा कमी केली. हवा कमी केली की टायर पसरतो, तळवा मोठा होतो. पण फार कमी केली आणि पहिल्याच झटक्याला टायर रिमवर फिरला आणि ट्यूबचा वॉल्व्ह उपटून निघाला. मी कपाळावर हात मारला. रिमला भोक पाडून आतून टायर दाबून धरणारा एक शिकंजा बसवला, तेव्हा कुठे ते थांबलं.

टायर धरू लागला आणि मला एक गोष्ट कळली जी आधी कुणी सांगितली नव्हती. चाक घसरत होतं तोवर माझी चेन, क्लच, गिअर सगळं सुखात होतं. घसरण सगळा भार खाऊन टाकत होती. आता चाक घसरेना, तर तो भार मागे सरकला आणि चेन दातांवरून उडी मारू लागली. चेन बदलली, ताणून बसवली, सुतळी धरून चाक सरळ केलं, तर भार आणखी मागे सरकला आणि क्लचच्या प्लेटी सरकू लागल्या. क्लचच्या स्प्रिंगांखाली वायसर घालून त्या कडक केल्या, तर क्लच दाबताना माझं मनगट दुखू लागलं. म्हणजे शेवटी भार माझ्यापर्यंत आला. तेव्हापासून मी कुणाला पटकन कौतुकानं चिवट म्हणत नाही. एक जण घट्ट धरून राहिला की त्याचा ताण कुठे ना कुठे दुसऱ्याच्या हातात जाऊन पोचतो. आमच्या घरात आबांनी आपला शब्द धरून ठेवला होता आणि गाडी उचलायला बायको धावत होती.

हे सगळं काम मी मुद्दाम अंगणात, आबांच्या खुर्चीमागेच मांडत असे. कारखान्यात ते जास्त सोयीचं झालं असतं. साताऱ्याकडचा एक फिटर मित्र माझ्या मदतीला येई, तो रोज विचारायचा, "अरे, इथं उन्हात कशाला?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेई. आबा वर्तमानपत्र वाचत बसत. माझं काही चुकलं की ते खाकरत. पाठ फिरवून बसलेल्या माणसाला माझी चूक दिसते कशी, हे मला बरेच दिवस उमगलं नाही. मग एकदा बायको हळूच म्हणाली, "मामंजी हल्ली दाढी किती वेळ करतात, पाहिलंत?" मी पाहिलं. दाढीचा आरसा खुर्चीसमोरच्या खिळ्याला टांगलेला होता आणि दुपार झाली तरी तो तिथून हलला नव्हता.

हे कळल्यावर माझ्या अंगात आलं. मी मुद्दाम चुका करू लागलो. चेनीची दोन टोकं जोडणारी एक बारीक क्लिप असते. तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेनं पळते तिकडे ठेवायचं, नाहीतर ती निसटते. मी ती उलटी लावली आणि खूप वेळ पुसत बसलो. आबा खाकरले. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ते पुन्हा खाकरले. मग त्यांनी बायकोला हाक मारली, "सूनबाई, त्यास सांगा, चेनीची क्लिप उलटी आहे." ती बिचारी आमच्या दोघांच्या मध्ये उभी होती. मी म्हटलं, "त्यांना म्हणावं, मग तुम्हीच येऊन लावा." आबांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते आत निघून गेले. आरसाही काढून घेतला. आपण आपल्या हातानं सगळं बिघडवलं असं मला वाटलं. पण दोन-चार दिवसांनी आरसा परत खिळ्यावर दिसला, आणि मी क्लिप सुलटी लावून टाकली.

खंडेनवमीच्या दुपारी मनावरवाला देवासला आला होता. त्याचं गावात काही काम होतं, जाता जाता तो आमच्या दारात डोकावला. मी घरी नव्हतो. पुढचा प्रसंग बायकोनं सांगितलेला. त्यानं विचारलं, "भाभी, चक्का तैयार हो गया?" इकडे चक्का म्हणजे चाक. पण आमच्या घरात उद्याच्या श्रीखंडाची तयारी चालली होती. बायको म्हणाली, "हो भैया, सवेरे से टाँग के रखा है. पानी निकल रहा है." तो दचकला. "पानी? चक्के में से?" "हाँ तो. कपड़े में कस के बाँधा है. शाम तक घट्ट हो जाएगा, फिर शक्कर डालेंगे." त्यानं एकदा मागच्या अंगणाकडे पाहिलं म्हणे. मग हात जोडून निघून गेला. मी आलो तेव्हा आबा खुर्चीत बसून हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत. आई गेल्यावर त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "साखर घालतात म्हणाली चाकात," एवढं बोलून ते परत हसू लागले.

संध्याकाळी पूजा झाली. पाटावर माझे पाने, बायकोची कात्री, विळी, आणि शेजारी मोटारसायकल. आबा सोवळ्यात बसले, त्यांच्या जुन्या पद्धतीनं सगळं यथासांग केलं. कात्रीला, विळीला, पान्यांना त्यांनी स्वतःच्या बोटानं कुंकू लावलं. मोटारसायकलीपाशी आल्यावर मात्र हात मागे घेतला आणि अक्षता लांबून टाकल्या. झेंडूची माळ माझ्याकडून बांधवून घेतली. पूजेतसुद्धा त्यांनी शब्द मोडला नाही. मला तेव्हा पुरतं कळून चुकलं की हे आता होणार नाही. उद्या शर्यत आहे, ती तेवढी नीट करू, असं मी मनाशी म्हटलं आणि त्या गोष्टीवर पाणी सोडलं.

दसऱ्याला सकाळी मी टेम्पो सांगायला गेलो. शर्यतीपुरती बसवलेली जास्त दातांची मोठी गरारी आणि कमी हवेचा टायर लावून गाडी पीथमपूरपर्यंत चालवत नेण्यात अर्थ नव्हता, ती टेम्पोत घालून न्यायची होती. परत आलो आणि अंगणाच्या दारात थबकलो.

आबा मोटारसायकलीपाशी उकिडवे बसले होते. बाह्या वर केलेल्या. शेजारी एक पत्र्याचा डबा उघडा होता, इतकी वर्षं त्यांनी तो कुठे ठेवला होता कुणास ठाऊक. त्यांच्या हातात फडकं होतं आणि हात कोपरापर्यंत काळे झाले होते. मागच्या चाकाचे गाल देऊन झाले होते. पुढच्या चाकाचेही. आता ते गाडी एका हातानं तसूतसूनं पुढे ढकलत होते आणि दुसऱ्या हातानं तळव्याला काळं देत होते. काजळी, एरंडेल आणि मेण. नक्षीच्या प्रत्येक फटीत.

बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. तिचे डोळे भरलेले होते, आणि त्याच डोळ्यांनी ती मला गप्प राहा म्हणत होती. कित्येक महिने तिनं माझ्या तोंडून पकड, पकड आणि पकडच ऐकली होती. समोर काय चाललं आहे हे तिलाही नीट कळत होतं.

आबांनी मला पाहिलं आणि ते गुडघ्यावर हात देत उठले. "बघ," ते म्हणाले. "आता गाडी दिसते." गाडी खरोखरच स्वारीला निघाल्यासारखी दिसत होती. आनंद झाला होता की रडू येत होतं, मला आजही सांगता येत नाही. ज्यासाठी मी इतके महिने धडपडलो ते मला मिळालं होतं, आणि त्यानंच माझी सगळी मेहनत एरंडेलात बुडवली होती. मी म्हटलं, "फारच छान दिसते, आबा."

"मीही येतो," ते म्हणाले.

वाटेत कुठेतरी तळवा पुसून घेऊ असं मी मनात ठरवत होतो. पण आबा ड्रायव्हरशेजारी बसायला तयार होईनात. ते मागे टेम्पोत चढले, गाडीला धूळ लागू नये म्हणून चाकांवर चादर टाकली आणि हँडल धरून उभे राहिले. पूर्ण रस्ता उभे होते. मी आणि फिटर त्यांच्यासमोर बसून होतो. फिटर माझ्याकडे बघे, चादरीकडे बघे आणि मान हलवी.

पीथमपूरला गाडी उतरवली तसे लोक गोळा झाले. ऊन पडलं होतं आणि टायर चकाकत होते. मनावरवाल्यानं भोवती एक फेरी मारली. "क्या भिया, सीधी लगाने आए हो के बारात ले के?" सगळे हसले. आबांना ती स्तुती वाटली. "हाथ से किया है," ते त्याला अभिमानानं म्हणाले आणि आपले काळे तळहात पुढे करून दाखवले. मनावरवाला क्षणभर त्या हातांकडे पाहत राहिला, मग त्यानं हसू आवरलं. "दादा, क्या बात हे," तो म्हणाला. म्हणून मी म्हणतो, त्याच्यावर रागावता येत नसे.

फिटरनं मला बाजूला ओढलं. "रॉकेल आणतो. दोन मिनिटांत पुसून टाकू. असा निघालास तर आडवा होशील."

त्याचं बरोबर होतं. मी आबांकडे पाहिलं. ते गाडीशेजारी उभे होते, एक हात सीटवर. त्यांच्यासमोर रॉकेलचं फडकं घेऊन बसायचं आणि त्यांनी सकाळभर दिलेलं पुसून टाकायचं? मग तो डबा परत कुठेतरी गेला असता आणि हात परत मांडीवर आले असते. मी म्हटलं, "नाही. रस्त्यालाच पुसू दे."

"म्हणजे?"

मला स्वतःलाही नीट माहीत नव्हतं. एवढंच सुचलं होतं की फडक्यानं पुसलं तर ते पुसणं दिसेल, चाकानं पुसलं तर ते चालवणं दिसेल. मी गाडी हद्दीच्या दगडापाशी नेली, पुढचं चाक दगडाला टेकवलं, पुढचा ब्रेक आवळला, इंजिन चढवलं आणि क्लच सोडला. मागचं चाक जागच्या जागी फिरू लागलं. एरंडेल लावलेलं, त्याला थांबायचं कारणच नव्हतं. आधी पांढरा धूर निघाला, मग काळा. काजळी आणि मेण जळायला लागलं आणि देवघरातल्या समईचा वास त्या ओसाड रस्त्यावर पसरला. लोक ओरडत होते, कुणीतरी म्हणालं याची गाडी बिघडली. मला मागे वळून आबांकडे बघायचा धीर नव्हता. मग एकाएकी आवाज बदलला, चाकानं डांबर पकडलं आणि गाडी दगड ओलांडून पुढे उडी मारायला लागली. मी पटकन क्लच दाबला.

उतरून तळव्याला हात लावला तर चटका बसला. रबर गरम आणि चिकट झालं होतं, अर्धवट निवालेल्या गुळाच्या पाकासारखं. बोट उचलताना ओढल्यासारखं वाटलं. फिटर माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. तो परत परत बोट लावून बघत होता. टायर तापवला तर असा धरतो हे आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं, इतके महिने एवढी खटपट करूनही.

रुमाल पडला. क्लच सोडला आणि चाक घसरलंच नाही. गाडीनं मला मागून धक्का देऊन पुढे फेकलं, पुढचं चाक हलकं झालं, चेन ओरडली पण टिकली. मनावरवाला माझ्या शेजारी नव्हता, मागे होता. अर्ध्या रस्त्यापर्यंत मी एकटा होतो. मग माझं इंजिन किंचाळू लागलं. गरारी मोठी, म्हणून उचल भरपूर, पण पुढे पळायला काही शिल्लक नाही. मोरीच्या जरा अलीकडे साडेतीनशेचा जाड आवाज कानाशी आला आणि अर्ध्या चाकानं तो पुढे निघून गेला. मी हरलो. पुढच्या टायरचं काळं आठवून फार हळूहळू ब्रेक लावत, मोरीच्याही पलीकडे जाऊन थांबलो.

परत आलो तेव्हा सगळे माझ्या निघण्याबद्दलच बोलत होते. मनावरवाल्यानं माझा हात हातात घेतला आणि कानाशी म्हणाला, "भिया, सच बताओ, चक्के में शक्कर डाली थी ना?" मी हसलो, पण माझं लक्ष आबांकडे होतं. ते मागच्या चाकापाशी वाकले होते. तळव्यावर सकाळच्या कामाची एक रेघही उरली नव्हती. रबर राखाडी झालं होतं, कडांना काळे गोळे आले होते. मग ते उठले. टेम्पोत चढले, हँडल धरून उभे राहिले, आणि देवास येईपर्यंत त्या चाकाकडेच पाहत होते. त्यांना कळलं असणार, सगळं कळलं असणार, आणि आता हँडल धरलेला हा हात घरी गेल्यावर शेवटचा सुटेल, हाच विचार सारखा येत होता.

घरी पोचलो. टेम्पोतून गाडी उतरवली तशी आबांनी ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतः ढकलत अंगणात नेली. स्टँडवर लावली. मागच्या चाकापाशी बसले आणि अंगठ्याचं नख तळव्यात दाबलं. जशी मी दुकानांतून दाबत हिंडलो होतो, तसं. खूण भरून येईपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

"पुढच्या खेपेस गालांनाच देईन," ते म्हणाले. "तळव्यास नाही." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "आणि गरारी मोठी होते आहे. दोन दात कमी कर. शेवटास दम उरला नाही तुझ्या गाडीस."

मी नुसतं हो म्हटलं.

आतून बायकोनं पानं वाढल्याची हाक दिली. आबा नळाशी गेले. तिनं काळे हात पाहून धुण्याच्या सोड्याचा डबा त्यांच्यापुढे ठेवला. आबांनी एकदा त्या डब्याकडे पाहिलं, तो पायानं हलकेच बाजूला सारला आणि नुसत्या पाण्यानं हात धुतले. नखांतलं काळं तसंच राहिलं. त्याच हातांनी त्यांनी मला आपट्याचं पान दिलं.